तळखडा

आमच्या अण्णांनी आयुष्यात नवी घरं फार थोडी बांधली. त्यांचं नाव होतं ते वाडे उतरवण्यात. वाईच्या आसपास एकेक वाडा खचायला लागला, भाऊबंदांत वाटण्या झाल्या, कर्ती पोरं मुंबईला गेली, की अण्णांना बोलावणं यायचं. 'पाडणं' हा शब्द त्यांना खपत नसे. वाडा पाडत नाहीत, उतरवतात. आधी कौलं, मग रिपा, वासे, तुळया आणि सगळ्यांत शेवटी खांब. प्रत्येक लाकडावर चुन्याची खूण. ते सागवान मग दुसऱ्या कुणाच्या तरी घरात उभं राहायचं. अडचण एकच असे. दोन वाड्यांचे खांब कधी सारख्या उंचीचे नसत आणि वरची तुळई तर पाणसळीत यायलाच हवी. अशा वेळी अण्णा खांबाला करवत लावत नसत. ते खांबाखालचा दगड, म्हणजे तळखडा, बदलत. बुटक्या खांबाला उंच तळखडा, उंच खांबाला जेमतेम चार बोटांचा, आणि फारच उंच असला तर तळखडा थेट जमिनीत पुरून घ्यायचा. घर उभं राहिलं की वर बघणाऱ्याला सगळं एका रेघेत. खाली बघायला कोण जातंय?

स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातल्या बाराशे वर्षांच्या मशिदीत मी पहिला अर्धा तास खालीच बघत फिरत होते, त्याचं कारण हे.

भाची माद्रिदला शिकते. दिवाळी आटोपून मी तिच्याकडे गेले आणि तिथून आम्ही दोघी दोन रात्रींसाठी कोर्दोब्याला निघालो. माद्रिदहून वेगवान गाडीनं पावणेदोन-दोन तास लागतात. गाडी सुरू झाली १९९२ साली आणि तिच्यासाठी कोर्दोब्याचं स्टेशन खणायला घेतलं तेव्हा खाली एक भला मोठा रोमन प्रासाद निघाला. थोडा राखला, बराचसा रुळांखाली गेला. हे भाचीनं फलाटावर उतरता उतरता सांगितलं, ते बरंच झालं. या गावात पाय टाकताना आपण कशावर तरी उभे आहोत एवढं ध्यानात राहिलं.

पहिला मुक्काम मात्र एका बंद दाराच्या उंबऱ्यावर झाला. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्यांनी दाराच्या कुलपाचे आकडे फोनवर पाठवायचे होते. दुपारचे तीन वाजलेले, गल्लीत चिटपाखरू नाही, फोन कुणी उचलत नाही. दुपारच्या झोपेबद्दल आम्ही पुणेकरांची चेष्टा करतो, पण पुणेकर निदान पाटी लावतात. नदीतले गोटे उभे ठोकून केलेली ती फरसबंदी, त्यावर बॅगेचं एक चाक आधीच निखळलेलं. दोन तास बसलो. शेवटी समोरच्या घरातल्या आजींना दया आली. त्यांनी आत बोलावलं.

बाहेरून पांढरी भिंत आणि लोखंडी जाळीचं दार, बस्स. आत गेलो तर थेट वाड्याचा चौक. मध्ये विहीर, पायाखाली काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आणि चारी भिंतींवर निळ्या रंगवलेल्या कुंड्या, पार दुसऱ्या मजल्यापर्यंत. इथले हे चौक, म्हणजे पातिओ, जगभर प्रसिद्ध आहेत. मे महिन्यात त्यांची स्पर्धा लागते, ती १९२१ पासूनची, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं या उत्सवाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ऑक्टोबरात तो थाट नव्हता. होती ती रोजची मेहनत. आजींनी एक लांबलचक वेताची काठी घेतली. तिच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला, आंबे उतरवायच्या झेल्यासारखा, फक्त जाळीच्या जागी डबा. विहिरीशेजारच्या हौदातून डबा भरायचा, काठी उभी करायची, वरच्या कुंडीवर नेऊन अलगद कलती करायची. एक थेंब भिंतीवर नाही. मग पुढची कुंडी. मी मोजत होते. सदतीस कुंड्यांपर्यंत मोजल्या, मग आजी बोलायला लागल्या आणि गणती चुकली.

त्या आमच्या घरमालकाबद्दल काहीतरी कडक बोलत होत्या. मला कळलं ते एकच, "फुलानो."

"काय म्हणाल्या गं?"

"तो फलाणा असाच आहे म्हणाल्या."

मला वाटलं भाची मजा करते आहे. पण नाही. अरबीत 'फुलान' म्हणजे अमुक एक माणूस. तो शब्द अरबांबरोबर पश्चिमेला गेला आणि स्पॅनिशमध्ये फुलानो झाला. फारसीतून आपल्याकडे आला आणि फलाणा झाला. साता समुद्रांपलीकडे एक म्हातारी शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडताना नेमका आमच्या आजीचा शब्द वापरते, यापुढे कुलपाच्या आकड्यांचं काय एवढं! (आकडे सव्वापाचला आले. माफी आली नाही.)

संध्याकाळी नदीवर गेलो. नदीचं नाव ग्वादालकिवीर. उच्चारताना जीभ अडखळते, पण सोडवून बघितलं तर 'वादी अल-कबीर', मोठी नदी. आपल्या दोह्यांतला कबीर तो हाच. आता पाणी उथळ, मध्ये लव्हाळ्याची बेटं आणि त्यांत बगळे. रोमन पूल सोळा कमानींचा. मूळचा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला, पण इतक्या वेळा दुरुस्त झालेला की रोमनांच्या हातच्या म्हणाव्यात अशा त्यात जेमतेम दोन कमानी उरल्या आहेत. पुलाच्या मध्यावर सान राफाएल या देवदूताची मूर्ती आहे. सतराव्या शतकात प्लेगनं शहर झोडपून काढलं, त्यानंतर १६५१ मध्ये बसवलेली. पुढ्यात लाल मेणबत्त्या आणि खालचा दगड वितळलेल्या मेणानं काळा तुकतुकीत. एक बाई भाजीच्या पिशवीसकट आल्या, पिशवी खाली ठेवली, मेणबत्ती लावली, पिशवी उचलून गेल्या. थांबल्या नाहीत, डोळे मिटले नाहीत. रोजचं असणार.

काठावर एक प्रचंड लाकडी रहाट उभा आहे, आल्बोलाफिया. नदीचं पाणी उचलून राजवाड्याच्या बागांना द्यायचा. शहराच्या जुन्या मुद्रेवरसुद्धा तो कोरलेला आहे. गोष्ट अशी सांगतात की राणी इसाबेल शेजारच्या किल्ल्यात मुक्कामाला असताना रहाटाच्या कुरकुरीनं तिला झोप येईना, म्हणून तिनं तो उतरवायला लावला. आजचा रहाट नंतर बनवून ठेवलेला आहे, फिरत नाही. याच किल्ल्यात कोलंबस राणीकडे जहाजांसाठी पैसे मागायला आला होता. पुस्तकांत ती भेट मोठी असते. मला रहाटाचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मशिदीच्या रांगेत उभ्या राहिलो. 'पहाटे' म्हणजे सव्वाआठ. ऑक्टोबरच्या शेवटी, घड्याळं मागे घेण्याआधी, तिथे साडेआठला जेमतेम उजाडतं. साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट असतो आणि नंतर आत प्रार्थना असते म्हणून सगळ्यांना बाहेर काढतात. त्या एका तासात सहलींच्या झुंडी नसतात. फुकट आहे म्हणून नाही, पण त्या शांततेसाठी तरी जावं. खरं सांगायचं तर फुकट आहे म्हणूनही जावं.

आत अंधार होता. मग डोळे सरावले आणि खांब दिसायला लागले. आधी दहा, मग शंभर. मग मोजणं हास्यास्पद वाटायला लागलं. आज ८५६ उभे आहेत. इमारत साधारण १८० मीटर लांब आणि १३० मीटर रुंद, आपल्या हिशेबानं पावणेसहा एकर. पावणेसहा एकरांत खांबांचं पीक. प्रत्येक खांबावर एक नाही, दोन कमानी, एकीवर एक. खालची घोड्याच्या नालासारखी, मोकळी. वरची अर्धगोल, छपराचा भार घेणारी. कमानीत लाल वीट, पांढरा दगड, लाल वीट, पांढरा दगड. छायाचित्रांत हे नक्षीकामासारखं दिसतं. समोर उभं राहिल्यावर गवंड्याच्या पोरीला कळतं की ही नक्षी नाही, ही निकड आहे.

निकड अशी. ७८५-८६ च्या सुमारास पहिल्या अब्द अल-रहमाननं मशीद बांधायला घेतली. तो दमास्कसच्या राजघराण्यातला. सगळं घराणं कापलं गेलं, त्यातून निसटून हा तरुण आफ्रिका ओलांडून इथे पोचलेला. नवे खांब घडवायला सवड नव्हती. रोमन आणि त्यानंतरच्या व्हिसिगॉथ राज्याच्या पडक्या इमारतींतून खांब आणले. कुणी काळसर, कुणी गुलाबी, कुणी करड्या रेघांचा. कुणावर पिळाच्या खाचा, कुणी गुळगुळीत. उंची अर्थातच प्रत्येकाची वेगळी आणि एकूण बेतानं सगळेच बुटके. एवढ्या बुटक्या खांबांवर छप्पर टाकलं असतं तर आत माणूस गुदमरला असता. म्हणून खांबाच्या डोक्यावर आणखी एक चौकोनी खांब उभा केला आणि वर दुसरी कमान चढवली. खालची कमान दोन खांबांना एकमेकांपासून ढळू देत नाही. मेरिदा गावच्या रोमन जलवाहिनीतही अशा एकीवर एक कमानी आहेत, तिथून ही कल्पना सुचली असावी असं बरेच जाणकार म्हणतात.

आणि खांबांचे पाय? तेच बघत मी फिरत होते. एका ओळीत सलग चार खांब बघितले. पहिल्याखाली बैठक आहे, चांगली वीतभर. दुसऱ्याखाली नुसती कड. तिसरा थेट फरशीतून उगवल्यासारखा. त्याची बैठक, असलीच तर, खाली कुठेतरी. चौथ्याचा पाय ठीक होता, पण डोक्यावरचा नक्षीचा दगड शेजारच्यांपेक्षा जाड. मी वाकून वितीनं मापायला लागले तेव्हा पहारेकऱ्यानं घसा खाकरला.

"मावशी, अगं लोक मिहराब बघायला येतात इथं, नमाजाची दिशा दाखवणारा तो कोनाडा."

"येऊ देत. हा बघ, हा पुरलाय."

कुणीतरी या प्रत्येक खांबापुढे उभं राहून माप घेतलं होतं. याला एवढं खाली घ्या, याला खालून उचला, याच्या टोपीत भर घाला. वर राजाचं नाव आहे. खाली माप घेणाऱ्याचं नाही. पण पुढच्या वाढीव भागांत खांबांवर पाथरवटांनी आपापल्या खुणा कोरल्या आहेत, अरबी लिपीत नावंसुद्धा. त्यांचे साचे काढून एका बाजूला मांडून ठेवलेत. अण्णांची चुन्याची खूण पावसात धुऊन जायची. दगडावरची राहिली, एवढाच फरक.

मशीद चार वेळा वाढवली. तिसरी वाढ, ९६२ नंतरची, सगळ्यांत श्रीमंत. अल-हकम दुसरा हा पुस्तकवेडा खलिफा, त्याच्या ग्रंथालयात चार लाख पुस्तकं होती असं जुने लेखक सांगतात. आकडा फुगवलेला असेल, वेड नव्हतं. त्याचा मिहराब सोनेरी काचतुकड्यांनी मढवलेला आहे. त्यासाठी बायझेंटाइन सम्राटानं कॉन्स्टँटिनोपलहून कारागीर धाडला आणि सोबत ३२० किंतार काचतुकडे, अशी नोंद आहे. किंतार म्हणजे आपला क्विंटल, तोच शब्द. बाजार समितीच्या काट्यावर सोयाबीन घालताना हे कुणाच्या मनात येत नाही आणि ते बरोबरच आहे. मिहराब सुंदर आहे, कठड्याला टेकून सगळे त्याच्याकडे बघतात, मीही बघितलं. पण तो इमारतीच्या मध्यावर नाही, एका बाजूला राहिलाय. कारण अल-मन्सूर या कारभाऱ्यानं ९८७ मध्ये चौथी वाढ केली तेव्हा दक्षिणेकडे नदी आडवी आली. मग त्यानं पूर्वेला आठ ओळी वाढवल्या आणि मध्य सरकला. या भागात घाईसुद्धा दिसते. कमानीतल्या लाल विटा इथे विटा नाहीतच. सगळा दगड आहे, एकाआड एक लाल रंगवलेला. मी हे ओळखलं नव्हतं, आधी वाचलं होतं. पण वाचून गेल्यावर बघताना रंगाऱ्याची चोरी पकडल्याचा आनंद होतोच.

याच अल-मन्सूरनं ९९७ मध्ये उत्तरेतल्या सांतियागोवर स्वारी केली आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून इथे आणवल्या. त्यांचे दिवे करून मशिदीत टांगले. २९ जून १२३६ ला राजा तिसऱ्या फर्नांदोनं कोर्दोबा घेतलं आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या, असं इतिहासकार सांगत आले आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्या घंटा तेवढ्या एक. खांदे बदलले.

खांबांच्या त्या रानात चालता चालता अचानक छप्पर उडून जातं. एकदम उजेड, उंच पांढरा घुमट, सोनं, संगमरवर, महोगनीची कोरीव आसनं. मशिदीच्या बरोबर पोटात एक अख्खं कॅथेड्रल उभं आहे. मला आधी राग आला. असा की मी त्या महोगनीकडे धड बघितलंही नाही.

१२३६ पासून जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक बहुतांशी आहे त्याच इमारतीत, छोटी देवघरं करून प्रार्थना करत होते. १५२३ मध्ये बिशप आलोन्सो मान्रिकेनं मधला भाग काढून मोठं चर्च उभारायचं ठरवलं. विरोध केला तो गावच्या ख्रिस्ती नगरसभेनंच. जो कुणी गवंडी, सुतार किंवा मजूर या कामावर हात चालवेल त्याला देहदंड, अशी दवंडी पिटली. उलट बिशपनं नगरसभेवाल्यांना धर्मबाह्य केलं. पुस्तकं या भांडणात बिशप आणि नगरसभा यांच्याबद्दल बोलतात. मी त्या गवंड्याचा विचार करत बसले. काम केलं तर फास, नाही केलं तर धर्माचा धनी रागावतो, आणि घरी चूल आहेच. शेवटी प्रकरण सम्राट पाचव्या कार्लोसकडे गेलं, त्यानं बिशपच्या बाजूनं कौल दिला. नंतर बांधकाम बघायला आला तेव्हा म्हणाला म्हणे, की कुठेही बांधता आलं असतं असं काहीतरी तुम्ही बांधलंत आणि जगात एकच होतं ते मोडलंत. हे वाक्य सगळे मार्गदर्शक सांगतात, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण परवानगी दिली कुणी? आणि याच माणसानं ग्रानादाच्या आल्हाम्ब्रात, मुसलमान राजांच्या महालांना खेटून, स्वतःचा चौकोनी राजवाडा बांधायला काढला होताच की.

काम मिळालं एर्नान रुईसला. तो गेला, मुलानं पुढे नेलं, पुढे नातवानं १५९३ पासून जुन्या मिनाराभोवती घंटाघर चढवलं. आजा, बाप, नातू, तिघांचं नाव एर्नान रुईसच. घुमट व्हायला १६०७ उजाडलं. तिथे बसून वर बघता बघता माझ्या लक्षात यायला लागलं की यांनीही उतरवलंय, पाडलं नाही. काही ठिकाणी सोनेरी चर्चची भिंत संपते तिथे मशिदीची लाल-पांढरी कमान तशीच तिच्यात रुतलेली आहे आणि उंच भिंतींना बाजूनं टेकू मिळतो तो जुन्या कमानींच्या ओळींचाच. मिनारसुद्धा पाडला नाही, घंटाघराच्या आत गुंडाळून ठेवला. शहरातल्या बाकीच्या मशिदींपैकी आज एखाद-दुसरा मिनार तेवढा सापडतो. ही उरली, कारण हिच्या पोटात चर्च शिरलं. हे पटवून घ्यायला मला आवडलं नाही. अजूनही पुरतं आवडत नाही.

शाळेच्या सहलीत देवगिरीचा किल्ला बघितला होता. तिथली मशीद १३१८ ची, खलजींनी बांधलेली, खांब देवळांचे, आणि स्वातंत्र्यानंतर आत भारतमातेची मूर्ती. आम्ही पोरींनी खांबांआड लपाछपी खेळली आणि बाई ओरडल्या, एवढंच मला आठवतं. तिथले तळखडे बघायचे राहिले. आता जायला हवं.

मालकीचा प्रश्न कोर्दोब्यातही मिटलेला नाही. २००६ मध्ये तिथल्या धर्मपीठानं ही सगळी इमारत सरकारी नोंदवहीत स्वतःच्या नावावर केली. खर्च आला ३० युरो. म्हणजे सातबारावर नाव चढवलं, आणि तेही तीसेक युरोंत! त्यावर सह्यांच्या मोहिमा झाल्या, वाद झाले, फलकांवरच्या नावात 'मशीद' शब्द किती मोठा आणि किती छोटा यावरून भांडणं झाली. गावाकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

बाहेर पडता पडता भिंतीशी एका कैद्याची गोष्ट भेटली. खांबाला बांधून घातलेल्या ख्रिस्ती कैद्यानं नखानं दगडात क्रूस कोरला म्हणे. भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "संगमरवर आहे बाई. नखानं चुना निघत नाही."

मशिदीमागच्या गल्ल्या म्हणजे जुनी ज्यूवस्ती. पांढऱ्या भिंती, कुंड्या आणि दर तिसऱ्या दुकानात चांदीचं जाळीकाम. सिनेगॉग बघायला गेलो तर दिवाणखान्याएवढं. खरंच, सात मीटर बाय साडेसहा मीटरसुद्धा नाही. १३१५ मध्ये बांधलं, भिंतींवर गचकामात कोरलेली हिब्रू अक्षरं. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवलं, मग इथे कुत्रं चावलेल्यांचा दवाखाना झाला, मग चांभारांच्या संघाचं देवघर. १८८४ मध्ये गिलावा निघाला आणि खालची हिब्रू अक्षरं पुन्हा दिसली. ज्यानं गिलावा फासला त्यानं नकळत जपून ठेवलं म्हणायचं.

बाहेर चौकात मायमोनिडीसचा पुतळा आहे. ज्यू धर्मशास्त्री, वैद्य, याच गावात जन्मलेला. विद्या यावी म्हणून लोक त्याच्या पायाला हात लावतात, जोड्याचं टोक घासून पिवळं झालंय. भाचीची परीक्षा जवळ आली होती, तिनं दोन्ही जोड्यांना लावला. माहितीपत्रकं सांगतात की या गावात तीन धर्म गुण्यागोविंदानं नांदले. काही काळ काही अंशी खरंही असेल. पण या पुतळ्यातल्या माणसानं लहान वयातच गाव सोडलं, कारण ११४८ मध्ये आलेल्या अल्मोहाद राजवटीनं ज्यूंपुढे धर्म बदला नाहीतर जा एवढाच पर्याय ठेवला. थोड्या अंतरावर तटाजवळ इब्न रुश्दचा पुतळा आहे, ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिणारा काजी. मुसलमान असून त्याच राजवटीनं ११९५ मध्ये त्याची पुस्तकं जाळली आणि त्याला जवळच्या लुसेना गावात हद्दपार केलं. तो ११९८ मध्ये मराकेशला वारला. नंतर त्याचा देह खेचरावर लादून कोर्दोब्याला आणला. एका बाजूला देह बांधला आणि दुसऱ्या बाजूला तोल साधावा म्हणून त्याचीच पुस्तकं. हे दृश्य तरुणपणी प्रत्यक्ष बघणाऱ्या इब्न अरबीनं लिहून ठेवलं आहे. दोन्ही पारडी सारखी भरली होती, असं समजायचं.

आणि १३९१ मध्ये याच गल्ल्यांत ज्यूंची कत्तल झाली. चांदीच्या दुकानांच्या मध्ये त्याची पाटी शोधत होते. मला दिसली नाही.

भूक लागली होती. एका खानावळीत भाचीनं मागवलं ते बशीत आलं आणि मी हसायलाच लागले. वांग्याचे काप! पातळ, पिठात घोळवून तळलेले, वर दाट काळसर धार. चाखली तर काकवी. इथे तिला 'उसाचा मध' म्हणतात, मालागाकडच्या फ्रिहिल्याना गावात अजून उसापासून करतात. तळलेल्या वांग्यावर काकवी घालायची बुद्धी आमच्याकडे कुणाला झाली नाही, आणि काकवी तर कराडच्या गुऱ्हाळात डबे भरून मिळते. वांग्याला ते म्हणतात बेरेनहेना. अरबी बादिंजान, त्याआधी फारसी, त्याआधी संस्कृत, आणि त्याच मुळाचं आमचं वांगं. साखर ते आसुकार म्हणतात. बुद्धिबळाला आहेद्रेस, तो आपला चतुरंग. वाटेत प्रत्येकानं शब्दाला थोडं छाटलं, थोडं वाढवलं आणि आपल्या वाक्यात बसेल असं करून घेतलं.

दुपारी गावी अण्णांना फोटो पाठवले. त्यांचं वय ८४, फोन नातवाचा. मिहराबाचा एक, बाकी सगळे खांबांच्या पायांचे. रात्री उशिरा त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा ओरडून बोललेला.

"तळखडे बघितले. उंचाला पुरलंय, बुटक्याला उचाललंय, बराबर हाय. पर छप्पर पाख्यांचं दिसतंय. दोन पाख्यांच्या मदलं पाणी कुटं सोडलंय?"

आठशे छप्पन्न खांब बघून आल्यावर मला हा प्रश्न पडला नव्हता. रात्री शोधत बसले. छपरं खरोखरच उतरत्या पाख्यांची आहेत, एकाशेजारी एक. त्या दोन मजली कमानींच्या वर भिंत आहे आणि भिंतीच्या डोक्यावरून पन्हळ जाते. म्हणजे त्या कमानी नुसतं छप्पर उचलत नाहीत, पाणी वाहून नेतात. जलवाहिनीवरून कल्पना सुचली असावी म्हणतात ते उगीच नाही. आणि अंगणाखाली अल-मन्सूरनं खोदवलेलं मोठं टाकं आहे, पावसाचं पाणी साठवायला.

तिसऱ्या दिवशी निघण्याआधी पुन्हा गेलो, या वेळी फक्त अंगणात. पातिओ दे लोस नारांहोस, नारिंगांचं अंगण. नारांहा म्हणजे नारिंग, तोही शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला. फळं अजून हिरवी होती. ती पिकली तरी कडूच लागतात. झाडं ओळीत, मशिदीतल्या खांबांच्या ओळी जणू दारातून बाहेर आल्यात. प्रत्येक झाडाभोवती आळं आणि एका आळ्यातून दुसऱ्यात दगडी पाट. त्या वेळी पाणी सोडलेलं होतं. पहिलं आळं भरत होतं, भरलं की पुढच्याकडे सरकत होतं.

मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे जेवणं उरकली होती. फोन फिरवून पाट दाखवला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दारं कोन धरतंय तितं?"

मी फोन आणखी फिरवला. पलीकडे हिरव्या जाकिटातला एक माणूस उभा होता. एका आळ्याच्या तोंडाशी पानं अडकून पाणी तुंबलं होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि बुटाच्या टोकानं पानं बाजूला सारली. पाणी पुढे गेलं.

"बुटानं न्हवं," अण्णा फोनमधून ओरडले. "खोऱ्यानं वढ म्हनावं त्येला!"

माणूस दचकून आमच्याकडे बघायला लागला. भाची फोन काढून खोऱ्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते शोधत होती.